सेव्हियाहून एका दिवसात काय काय?

प्रश्न : स्पेनमधल्या सेव्हियात चार दिवस मुक्काम आहे. कोर्दोबा, कादिस, ग्रनाडा यांपैकी सकाळी जाऊन रात्री परत येण्याजोगं काय?

उत्तर : कोर्दोबा, डोळे मिटून. सांता हुस्ता स्टेशनवरून वेगवान ‘आवे’ गाडीने पाऊण तास लागतो. तिकीट आधीच काढा, आयत्या वेळी महाग पडतं. सामान एक्स-रेमधून जातं, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. गाडी उभी दिसत असली तरी सुटण्याआधी दोनेक मिनिटं फलाटावर जायचं फाटक बंद होतं. कोर्दोबा स्टेशनवरून मेझकिता (जुनी मशीद, आता कॅथेड्रल) चालत पंचवीस मिनिटांवर. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ प्रवेश सहसा मोफत असतो. तेव्हा लाल-पांढऱ्या कमानींखाली गर्दीही कमी. रविवारी मिस्सा असते, तो दिवस टाळा. कोर्दोबाजवळच्या मदीना अझहारा या जुन्या राजनगरीचे अवशेष बघायचे असतील तर सोमवार नको, बंद असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबात पारा चाळिशी ओलांडतो; तेव्हा समुद्रकाठचं कादिस बरं, रेल्वेने पावणेदोन तासांच्या आत.

ग्रनाडाला मात्र एक रात्र राहाच. जायलाच अडीच-तीन तास, आणि तिथल्या अल्हंब्रा किल्ल्यातल्या नासरी महालांची ठरलेली वेळ चुकली की आत सोडत नाहीत. मूळ पासपोर्ट जवळ हवा.