‘नैसर्गिक’ कॅप्सूल आणि तुमची औषधं

वनस्पतींतल्या औषधी घटकांबद्दल त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येतात, म्हणून काही एकत्र घेतो.

टोमॅटो शिजवला की त्यातलं लायकोपीन (लाल रंग देणारा घटक) जातं, असं ऐकलं. खरं का?
नाही. उलट शिजवल्यावर, थोड्या तेलासोबत ते जास्त चांगलं शोषलं जातं.

सांधेदुखीसाठी हळदीतल्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल घेते. रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. कॅप्सूल नैसर्गिक आहे म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही. चालेल ना?
चालणार नाही. आजच सांगा. कर्क्युमिन आतड्यातून फार कमी शोषलं जातं आणि शोषलेलं शरीर लगेच बाहेर टाकू लागतं. त्यावर तोड म्हणून बऱ्याच कंपन्या मिरीतलं पिपरीन घालतात. १९९८ सालच्या एका छोट्या प्रयोगात पिपरीनमुळे माणसाच्या रक्तात सुमारे २० पट जास्त कर्क्युमिन पोहोचलं. हा आकडा जाहिरातीत ठळक असतो; तो वाढतो कसा, हे कुणी छापत नाही. पिपरीन आतड्यातल्या आणि यकृतातल्या काही एन्झाइमचं काम मंदावतं. अनेक औषधं मोडण्याचं कामही हीच एन्झाइम करतात. म्हणजे गोळी तीच, डोस तोच, पण रक्तातली पातळी चढू शकते. तुमच्या बाबतीत धोका रक्तस्रावाचा आहे. शिवाय अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. जेवणातल्या हळदीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यात कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असतं. पण तोच घटक काढून, घट्ट करून कॅप्सूलमध्ये भरला की ते औषध झालं. औषध डॉक्टरांपासून लपवायचं नसतं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर मुळीच नाही.

सिगारेट सुटत नाही. फुप्फुसांच्या रक्षणासाठी गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ का?
घेऊ नका. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. सिगारेट सोडण्यासाठी औषधं मिळतात; त्यासाठी डॉक्टरांना भेटा.

कोलेस्टेरॉलसाठी ओट्स?
जरूर. ओट्समधलं बीटा-ग्लुकन (एक प्रकारचा तंतू) रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, थोडं उतरतं. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालू असेल तर ती मात्र स्वतःहून थांबवू नका.

बर्बेरीन या वनस्पतीतल्या घटकाने रक्तातली साखर उतरली. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी ‘केमिकल’ आहे, ती बंद करू?
मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा ऑफिसिनालिस या वनस्पतीतल्या घटकातच आहे. त्याचा डोस आणि दुष्परिणाम कित्येक वर्षं तपासले गेलेत. बर्बेरीनबद्दल तेवढी माहिती नाही. दोन्ही एकदम घेताय, मग साखर कशाने उतरली हे कसं ठरवलंत? गोळी चालू ठेवा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि बर्बेरीनची बाटली घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.