आईचा दम वयाचाच कशावरून? आधी जुनी फाईल काढा

तुम्ही लिहिलंत, आईला सहा वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन, किमो, शेक (रेडिएशन). आता विहिरीवरून वर येताना आई दोनदा टेकते आणि गावातले डॉक्टर म्हणतात, वय झालं. तुमचं एवढं वाचलं आणि लिहायलाच बसले. मलाही हेच सांगितलं होतं, आणि मी ते वर्षभर खरं मानलं.

आमचं घर गुहागरकडे, रस्त्यापासून वर जांभ्याची पाखाडी. दम लागायचा, तर म्हणायचे पावसात शेवाळ आहे, म्हणून जपून चढतेय. मग गणपतीत आरतीला उभं राहवेना. रात्री दुसरी उशी लागायला लागली. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. ईसीजी बरा आला म्हणून सगळं पित्तावर ढकललं, आणि मी आमसुलाचं सार पीत बसले! शेवटी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. ईएफ, म्हणजे हृदयाचं पंपिंग, ४० टक्के. ते ५०च्या वर हवं.

कॅन्सरच्या उपचारांनीही हृदय कमजोर होऊ शकतं, म्हणून आईची तेव्हाची फाईल माळ्यावर असेल तर उतरवा. डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन लिहिलंय का बघा. ते किमोचं लाल औषध, ज्याने लघवीही लाल होते. हृदयाच्या स्नायूला त्याचा त्रास एकूण डोसवर ठरतो आणि कधीकधी वर्षांनी दिसतो, म्हणून किती वेळा दिलं तेही टिपून घ्या. ट्रास्टुझुमॅब हे कॅन्सरचंच दुसरं औषध असेल तर त्यानेही पंपिंग उतरतं, पण औषध थांबवल्यावर बहुतेक वेळा सुधारतं. तिसरा शेक. डाव्या बाजूला हृदय जवळ, त्यामुळे थोडा शेक त्यालाही लागतो. २०१३ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की हृदयाला सरासरी जितका जास्त शेक, तितका हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका जास्त, आणि तो पहिल्या पाच वर्षांतच सुरू होऊन वीस वर्षांनंतरही राहतो. म्हणजे सहा वर्षं झाली म्हणून सुटलो, असं नाही.

रत्नागिरीला किंवा चिपळूणला हृदयाच्या डॉक्टरांकडे इको करा, पण फाईल हातात घेऊन जा. किमोच्या आधीचा इको असेल तर तो मुद्दाम दाखवा. समजा तेव्हा ६५ होता आणि आता ५२ आला, तर रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून येईल. पण तेरा आकडे उतरलेत, हे जुना कागद समोर असल्याशिवाय कोणाला कळणार? बीपी, साखर, कोलेस्टेरॉलही त्याच फेरीत बघून घ्या.

आडवं पडल्यावर श्वास कोंडत असेल, किंवा छाती, जबडा, पाठ दाबल्यासारखी होऊन घाम फुटत असेल, तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. मिळेल त्या गाडीने निघा.

इको होईपर्यंत सुकट, खारा बांगडा, लोणचं बंद ठेवा. मिठाने अंगात पाणी साठतं. आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण गोळ्यांवरून नाही, खाऱ्या बांगड्यावरून झालं. आणि कॅन्सर परत येऊ नये म्हणून लेट्रोझोलसारखी गोळी चालू असेल तर भीतीने आपणहून थांबवू नका, आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा.

माझा ईएफ गोळ्यांवर दीड वर्षात ५१ झाला. पाखाडी चढते, मध्ये चाफ्यापाशी एकदा थांबते. आईचे आधीचे आणि आताचे दोन्ही आकडे मिळाले की इथे लिहा.