मोटरहोमची बॅटरी हिवाळ्यात का मरते?

प्रश्न: आम्ही मिशिगनला असतो. मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) नोव्हेंबर ते एप्रिल घरामागे उभी. मेन स्विच बंद करूनही मागच्या हिवाळ्यात दोन्ही लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या गेल्या, असं कसं?

उत्तर: दादा, स्विच बंद केला तरी बऱ्याच गाड्यांत गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी असलं काहीबाही थेट बॅटरीवरच असतं आणि ते हळूहळू बॅटरी उतरवतं. खरी भीती थंडीची, फुल चार्ज बॅटरी उणे ५० सेल्सिअसलाही सहसा गोठत नाही पण पार उतरलेली उणे ७-८ लाच गोठते, फुगते, मग ती गेलीच समजा. म्हणून फुल चार्ज करून निगेटिव्ह वायर काढूनच ठेवा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर दिसली तर झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने घासा, सोडा आत गेला तर बॅटरी खराब होते. महिन्यातून एकदा मल्टीमीटर लावा, १२.६ व्होल्ट ठीक, १२.४ ला आलं की लगेच चार्जिंग. प्लग जवळ असेल तर ऑटोमॅटिक मेंटेनर (बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप कमी करणारा चार्जर) लावा, जुना साधा चार्जर नको, तो बॅटरीतलं पाणी आटवतो. आणि छतावरच्या सोलरवर भिस्त नको हो, बर्फाखाली तो काय देणार!