निकालाची नक्कल हातात आली का?

"दाव्यात हरलो, आता पुढे काय?" या एकाच विषयावर या वेळी प्रश्न मागवले होते. पत्रं आली ती बहुतेक बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून. सगळ्यांना जागा पुरणार नाही म्हणून पाच निवडली आहेत. वाचकांची नावं मुद्दामच दिलेली नाहीत.

तुम्ही आता फक्त अपिलंच चालवता असं कळलं. ज्यांनी आमचा दावा चालवला त्या वकिलांना सोडून अपिलाला वेगळा वकील कशाला? आणि तुम्ही या कामाकडे कशा वळलात?
— एक तरुण वाचक, खानापूर तालुका

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, त्यात पहिल्याचं येईल.

माझं माहेर खानापूर तालुक्यातच, मलप्रभेच्या काठाला. वडिलांची दीड एकर भातशेती, आणि तिच्यावरून भाऊबंदांशी दावा. खालच्या कोर्टात वडील जिंकले, पहिल्या अपिलात हरले, म्हणून दुसरं अपील बेंगळुरूला उच्च न्यायालयात गेलं. बेंगळुरू इथून 500 किलोमीटर. वडील दोनदा रात्रीच्या बसने जाऊन आले आणि दोन्ही वेळा "पुढची तारीख पडली" एवढंच ऐकून परतले. तिसऱ्या तारखेला त्यांना जाता आलं नाही. पुकारा झाला तेव्हा आमचे वकीलही हजर नव्हते, अपील गैरहजेरीत निकाली निघालं. असं अपील पुन्हा बोर्डावर (सुनावणीच्या यादीवर) घ्या, असा अर्ज करायला 30 दिवसांची मुदत असते. आम्हाला कळलं आठ महिन्यांनी, समोरच्यांनी आमच्या शेतात नांगर घातला तेव्हा. मी दहावीत होते. वडील बांधावर उभे होते, काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी कागदांची पिशवी खुंटीवरून काढून माळ्यावर टाकली.

पुढे बेळगावच्या राजा लखमगौडा कॉलेजात कायदा शिकले. शाळा मराठी, कोर्ट कन्नड, वरचं कोर्ट इंग्रजी. तिन्ही भाषांत काम करायला माझी बरीच वर्षं गेली. 1992 साली वकिलीची सनद मिळाली. सुरुवातीला बेळगावात दिवाणी दावे चालवले, मग एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली बेंगळुरूला अपिलांचं काम केलं. 4 जुलै 2008 ला धारवाडला उच्च न्यायालयाचं पीठ सुरू झालं आणि मी परत आले. 2013 मध्ये ते कायमचं झालं. आज खानापूरचा शेतकरी सकाळची भाकरी खाऊन निघतो, स्वतःच्या केसचा पुकारा स्वतःच्या कानांनी ऐकतो आणि दिवेलागणीला घरी येतो. माझ्या वडिलांना हे मिळालं नाही, म्हणून मला त्याची किंमत कळते.

आता वेगळा वकील कशाला, ते. दाव्यात साक्षीदार समोर उभा असतो, त्याचा चेहरा दिसतो, उलटतपासात त्याला पेचात पकडता येतं. अपिलात साक्षीदार नसतो. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), जबाब, निशाणी पडलेले (कोर्टाने पुराव्यात नंबर दिलेले) दस्तऐवज आणि निकाल, एवढेच कागद न्यायाधीशांपुढे असतात. पहिल्या अपिलात निदान पुरावा पुन्हा तपासता येतो. दुसऱ्या अपिलात तेही नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 100 हे 1976 मध्ये बदललं, तेव्हापासून कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवल्याशिवाय दुसरं अपील उभंच राहत नाही. "त्यांचा साक्षीदार खोटं बोलला हो बाई" हे माझ्या टेबलासमोर रोज ऐकते. ते खरंही असेल, पण दुसऱ्या अपिलात तेवढ्यावर काही होत नाही.

ज्यांनी दहा वर्षं दावा चालवला त्यांना आपल्या केसमधली उणीव दिसणं कठीण जातं. हा त्यांचा दोष नाही, मलाही माझ्या जुन्या दाव्यांत ती दिसली नव्हती. पण त्यांना सोडू नका. मी तर पक्षकाराला सांगते, त्यांना बरोबर घेऊन या, नाहीतर फोन लावून द्या. कोणती निशाणी का दाखल केली आणि कोणता साक्षीदार का सोडला, हे त्यांनाच ठाऊक असतं.

वकीलपत्रावर सही घेण्याआधी मी पूर्ण रेकॉर्ड वाचते आणि मराठीत एक पानाचं टिपण देते: कशावर हरलो, निकालात चूक कुठे आहे, अपिलात काय टिकेल आणि काय टिकणार नाही. चूक सापडली नाही तर "अपील करू नका" असंही त्याच पानावर लिहिते. काहीजण रागावून उठून जातात. जाऊ देत. आणि सुनावणी झाली की त्याच संध्याकाळी काय झालं ते मराठीत कळवते, नुसती तारीख पडली असली तरी. वडिलांच्या अपिलावरून घेतलेला हा नेम मी आजवर मोडलेला नाही.

वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागितला होता. "1998 साली तोंडी वाटणी झाली, वर्दी (महसूल खात्याला वाटणीची खबर) देऊन उताऱ्याला नावं लागली" असं भावांनी सांगितलं आणि दावा फेटाळला. निकाल 10 जूनचा. नकलेचा अर्ज 28 जूनला दिला, नक्कल 24 जुलैला तयार झाली. ती माझ्या हातात आत्ता आली. माझं लग्न 1988 चं. सगळं संपलं का?
— एक भगिनी, निपाणी (पत्र 14 ऑक्टोबरचं)

ताई, संपलेलं नाही, पण आता एक दिवसही दवडू नका.

दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावरचं तुमचं पहिलं अपील उच्च न्यायालयात नाही, त्याच्या खालच्या अपिलाच्या कोर्टात जाईल. मुदत 30 दिवसांची. नकलेचा अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस त्यातून वगळतात. तुमचे असे 27 दिवस वगळले तरी मुदत 6 ऑगस्टला संपली. म्हणजे पत्र लिहिलंत त्या दिवशी 69 दिवसांचा उशीर झालेला होता.

अपिलाबरोबर मुदत कायद्याच्या कलम 5 खाली उशीर माफ करण्याचा अर्ज द्या. त्यासोबत प्रतिज्ञापत्र लागेल, आणि त्यात खरंच लिहा: नक्कल कुणाकडे होती, तुम्ही कितीदा विचारायला गेलात, कोणत्या तारखेला हातात मिळाली. आजारपणाचा खोटा दाखला जोडू नका. कुणी तसं सुचवलं तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. खरं कारण पुरेसं असलं तर 69 दिवस माफ होऊ शकतात. खोटं उघडं पडलं तर चांगलं अपील दारातच मरतं.

आता मूळ मुद्दा. कर्नाटकाने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत 30 जुलै 1994 पासून हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं होतं. केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्तीत ही लग्नाची अट नाही. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानेच आहे, आणि तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मानायचा नाही. त्यामुळे 1988 चं लग्न तुमच्या आड येत नाही. मात्र जुन्या सरकारी कागदांनी ठाम सिद्ध झालेली तोंडी वाटणी त्या निकालातही अपवाद म्हणून ठेवलेली आहे. भावांचा सगळा जोर त्या वर्दीवर आणि फेरफारावर असणार. म्हणून वर्दीची नक्कल काढा आणि तिच्यावर वडिलांची सही आहे का, फेरफाराची नोटीस कुणाकुणाला गेली, ते पाहा. जमीन वडिलांना वाडवडिलांकडून आली की त्यांनी स्वतः घेतली, हेही कळवा, त्यावर बरंच अवलंबून आहे.

फीची चिंता करू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं.

अपील दाखल झालं की खालच्या निकालाला आपोआप स्थगिती मिळते ना?
— एक वाचक, हुक्केरी

नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि कोर्टाने तसा हुकूम करावा लागतो. तोवर समोरचा दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावून ताबा मागू शकतो. अपील नंबरावर आलं म्हणून निवांत बसलेल्यांच्या दारात बेलीफ आलेला मी पाहिला आहे. दरखास्तीची नोटीस आली असेल तर त्याच दिवशी ती वकिलांच्या हातात द्या.

मी बेळगावात वडगावला राहतो, जमीन चंदगड तालुक्यात. अपील धारवाडला चालेल का?
— एक वाचक, बेळगाव

राहता कुठे याला महत्त्व नाही, जमीन जिथे असते तिथलं कोर्ट. चंदगडच्या निकालावरचं पहिलं अपील कोल्हापूर जिल्ह्यात आणि दुसरं मुंबई उच्च न्यायालयात जातं. तुमच्या सुदैवाने 18 ऑगस्ट 2025 पासून त्या न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात भरतं, मुंबईच्या खेपा वाचल्या. वकील तिकडचाच करा. मला तिथे उभं राहता येतं, पण तिकडच्या सातबाराची आणि तिकडच्या कोर्टाची सवय असलेला माणूस तुम्हाला जास्त उपयोगी पडेल.

आमच्या आजोबांच्या पेटीत मोडीत लिहिलेला 1940 च्या दशकातला एक कागद सापडला. दावा हरून अपील चालू आहे. तो आता दाखल करता येईल का? आणि कोर्टात मोडी वाचणार कोण?
— निवृत्त शिक्षक, बेळगाव

गुरुजी, अपिलात नवा पुरावा सहज घेत नाहीत. पुरेशी काळजी घेऊनही हा कागद दाव्याच्या वेळी आपल्याला माहीत नव्हता किंवा मिळवता आला नव्हता, हे दाखवावं लागेल. म्हणून पेटी कुणाच्या घरात होती, कधी उघडली, तेव्हा कोण हजर होतं, हे आजच लिहून ठेवा. कागद 30 वर्षांहून जुना आणि योग्य ताब्यातून आलेला असेल तर सही-हस्ताक्षर खरं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. आतला मजकूर खरा आहे, असं मात्र त्याने ठरत नाही.

मोडीबद्दल एक अनुभव सांगते. बेंगळुरूला ज्युनियर असताना एका दुसऱ्या अपिलाचं रेकॉर्ड वाचत होते. आपल्याच भागातली जमीन, 1951 चा कागद, 1983 चा दावा. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळे कागद मराठीत, मोडी लिपीत. दाव्यात त्याचं कन्नड भाषांतर दाखल झालं होतं आणि त्यात साधं "खरेदीखत" असं लिहिलं होतं. दोन्ही कोर्टांनी तेच भाषांतर वाचून जमीन विकली गेली असं धरलं. मला तेव्हा मोडी येत नव्हती. आमच्या ज्येष्ठांनी एका जाणकाराला बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उजेडात धरला आणि पहिल्याच ओळीवर बोट ठेवून वाचलं: "मुदत खरेदीखत." शेवटच्या चार ओळींत पाच वर्षांत रक्कम दिली तर जमीन परत द्यायची, असा करार होता.

"मुदत" हा एक शब्द गळला होता. मुदत खरेदी म्हणजे नाव खरेदीचं, पण बहुतेक वेळा व्यवहार गहाणाचा, आणि परतीची अट त्याच कागदात असेल तर कायदाही त्याला गहाण मानू शकतो. दस्तऐवजाचा अर्थ लावणं हा कायद्याचा प्रश्न, म्हणून दुसऱ्या अपिलातही तो मांडता आला. उच्च न्यायालयाने केस पुन्हा ऐकायला खाली पाठवली. पुढे तीन वर्षांनी दोन्ही घरांत तडजोड होऊन जमीन निम्मी-निम्मी झाली. ते वयस्कर पक्षकार सही करायला काठी टेकत आले होते.

त्यानंतर मी मोडी शिकले. आता मराठी कागद असला की भाषांतरावर विसंबत नाही, मूळ कागद शब्दाला शब्द लावून तपासते. सीमेवरच्या केसमध्ये माणूस मराठीत बोलतो, जबाब कन्नडात लिहिला जातो आणि धारवाडला तो इंग्रजीत वाचला जातो. या दोन पायऱ्यांवर काय सांडलं ते शोधायला मराठी आतून येणारा माणूसच लागतो.

तेव्हा जाणकाराकडून आधी ओळीला ओळ देवनागरी करून घ्या, मग भाषांतर. दोन्हीवर त्यांची सही घ्या, वेळ आली तर साक्षीला याल का तेही विचारून ठेवा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स द्या. घड्या मोडल्या असतील तर चिकटपट्टी लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पाठीमागचा शिक्का, स्टँपाची खूण, शाई, सगळं तपासावं लागतं. कोऱ्या कागदाच्या दोन पानांत सपाट ठेवा आणि येताना तसाच घेऊन या.