स्ट्राँग बिअरची सवय आहे. क्राफ्ट बिअरमधला फरक ओळखायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की राहायला संभाजीनगरात, आजवर गारेगार स्ट्राँगच प्यायलेली, आणि पुण्यात मायक्रोब्रुअरीत (जिथे क्राफ्ट बिअर छोट्या प्रमाणावर तिथेच बनवून देतात) गेलं की सगळ्या बिअर एकतर कडू नाहीतर पाणचट लागतात. यात तुमच्या जिभेचा दोष कमी आणि फ्रीजचा जास्त.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो, त्यामुळे बिअर म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार, असं समीकरण झालंय. 2-3 अंशांवर जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. स्ट्राँगला ते सोयीचंच, कारण तिचा उग्रपणा त्यात लपतो. क्राफ्ट बिअरमध्ये मात्र पैसे वासाचेच मोजलेले असतात. साधारण हिशेब असा: पिल्सनर (सोनेरी, हलकी) 4 ते 6 अंश, गव्हाची बिअर 5 ते 8, पेल एल आणि तिची जास्त कडू बहीण आयपीए 7 ते 10, स्टाउट (काळी, भाजक्या चवीची) 10 ते 13. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर एकदा बुडवून बघा. नसेल तर ग्लासात ओतून थांबा आणि दर दोन मिनिटांनी वास घ्या. वास उघडला की प्या. उन्हाळ्यात याला फार वेळ लागत नाही, हिवाळ्यात पंधरा-वीस मिनिटंही लागतील. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवू नका. आत बर्फाचा थर बसतो, मग फेस उसळतो आणि बिअर पातळ होते.

दुसरी गोष्ट ग्लासची. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस बसतो, आणि फेसाबरोबर वासही जातो. ग्लास खाण्याच्या सोड्याने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि उपडा ठेवून वाळवा. फडक्याने पुसू नका. ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास अस्वच्छ आहे. ओतताना आधी तिरका धरा, निम्मा भरला की सरळ करून मधोमध ओता. दोन बोटं फेस हवाच. फेस नको म्हणून काठाकाठाने ओतणाऱ्यांचा गॅस पोटात जातो आणि पोट फुगतं.

आता चव. बिअरची दोन मोठी घराणी, लागर आणि एल. वाळूज-चिकलठाण्यातून निघणारी बिअर बहुतेक लागर. लागरचं यीस्ट थंडीत, साधारण 8 ते 13 अंशांना, सावकाश काम करतं आणि स्वतःची चव फारशी सोडत नाही. एलचं यीस्ट 16 ते 22 अंशांच्या आसपास चालतं आणि फळांचे, मसाल्यांचे वास तयार करतं. लागरची सवय झालेल्या नाकाला हे आधी विचित्र वाटतं.

या वासांना नावं द्यायला परदेशी शब्द पाठ करायची गरज नाही, ती आपल्या बाजारात आणि मिसळणाच्या डब्यात आहेत. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये अर्धापूरच्या साल काळी पडलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. दोन्ही यीस्टमुळे, वरून काही घातलेलं नसतं. बेल्जियन पद्धतीच्या विटबिअरमध्ये मात्र खरेच धने आणि संत्र्याची साल असते. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुलं. कडूपणा त्यांचाच, पण जालन्याच्या मोसंबीची साल नखाने दाबली की जो फवारा उडतो तो वासही त्यांचाच, आणि काही अमेरिकन जातींत चक्क केसर आंबा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं, भाजलेलं सातू (जव): हलकं भाजलेलं असेल तर ताज्या पोळीसारखं, जास्त भाजलं की काकवी-खजूर, आणि स्टाउटमध्ये करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं. चाखायला बसण्याआधी केळं, लवंग, धने, मोसंबीची साल समोर ठेवून एकेकाचा वास घ्या. पोरखेळ वाटेल, पण नाक यानेच लवकर तयार होतं.

मायक्रोब्रुअरीत पूर्ण ग्लास न मागवता सॅम्पलर मागवा. 100 मिलीचे पाच ग्लास पुरे, क्रम हलक्याकडून जडकडे: पिल्सनर, गव्हाची, पेल एल, आयपीए, शेवटी स्टाउट. आयपीए आधी घेतली की पुढच्या दोन बिअर पाण्यासारख्या लागतात. तुमचं 'पाणचट' बहुधा इथूनच आलंय. ग्लास हलकेच फिरवा, दोन-तीन छोटे हुंगे घ्या, घोट तोंडभर फिरवा आणि गिळा. वाइनसारखं थुंकायचं नाही, कारण कडूपणा गिळल्यावरच पुरा कळतो. मग तोंड मिटून नाकाने श्वास सोडा, अर्धी चव तिथे सापडते. मध्ये पाणी आणि बिनमिठाचे मुरमुरे. पाच ग्लास म्हणजे 5.5 टक्क्यांच्या हिशेबाने साधारण 27 मिली शुद्ध अल्कोहोल. 8 टक्क्यांच्या 650 मिली बाटलीत 52 असतं. कमी असलं तरी गाडी चालवू नका. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि ती अंदाजाने मोजता येत नाही.

बिघडलेली बिअर ओळखता आली की चांगलीही कळते. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ती जुनी झाली किंवा उन्हाळ्यात गरम गोदामात पडून होती. आपल्याकडे हा दोष सर्रास सापडतो. हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीवर ऊन पडलं तर काही मिनिटांतच हॉप्समधून कुबट, उग्र वास तयार होतो. तपकिरी बाटली किंवा कॅन घ्या. लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास, कच्च्या सफरचंदाचा वास हे बनवतानाचे दोष, आणि नळावरची बिअर व्हिनेगरसारखी आंबट लागली तर बहुधा नळी धुतलेली नाही. आयपीए घेताना तारीख बघाच. तीन महिन्यांपलीकडची मी घेणार नाही, हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो.

खरंच फरक कळायला लागला का, ते घरी तपासता येतं. दोन बिअर घ्या. दुसऱ्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा, दोनांत एक आणि तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते डोळे मिटून ओळखा. नशिबानेही तीनात एकदा जमतं, म्हणून पाच-सहा वेळा करा.

चाखताना ठेचा, तिखट शेंगदाण्याची चटणी लांब ठेवा. नंतर जेवताना भाकरी-ठेच्याबरोबर गव्हाची बिअर घ्या, आयपीए नको: हॉप्सचा कडूपणा मिरचीची आग आणखी भडकवतो. नान-खलियाच्या रश्श्याला काकवीच्या अंगाची, तांबूस एल शोभते. आणि हुरड्याच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, कोवळ्या ज्वारीच्या गोडव्यापुढे साधी पिल्सनर. तिथे मला दुसरं काही पटत नाही.