प्रोजेक्शन मॅपिंग शिकायचंय, पण कुठल्या सॉफ्टवेअरवर?

प्रश्न : मी मूळचा साताऱ्याचा, पुण्यात उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी फिरोदिया करंडकाच्या आमच्या टीमसाठी मागच्या पडद्यावरचे व्हिडिओ केले, तेव्हापासून नाटकासाठी प्रोजेक्शन मॅपिंग (नेपथ्याच्या आकारावर नेमकं बसणारं चित्र प्रोजेक्टरने टाकणं) करायचं डोक्यात आहे. एक सीनियर म्हणतो रेझोल्यूम शीक. दुसरा म्हणतो टचडिझायनरशिवाय पर्याय नाही. एका वर्कशॉपमध्ये ऐकलं की नाटकात क्यूलॅबच लागतं आणि त्याला मॅक हवा. माझा लॅपटॉप विंडोजचा आहे. बाबा मॅकबुकसाठी पतसंस्थेचं कर्ज काढायला तयार आहेत. काढू देऊ का?

उत्तर :

प्रिय मित्रा,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नको. बाबांना सध्या तरी पतसंस्थेची पायरी चढू देऊ नकोस.

तुला सल्ला देणारे तिघंही खोटं बोलत नाहीयेत. तिघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी कामं आहेत, एवढंच. तू पत्रात ‘नाटकासाठी’ असं लिहिलंयस, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

नाटकात व्हिडिओ नटाच्या वाक्यावर सुटतो. हशा लांबला, नटाने एक वाक्य गाळलं किंवा एंट्रीला उशीर झाला, तर ऑपरेटरला तेवढं थांबता किंवा पुढे जाता आलं पाहिजे. म्हणून नाटकाला लागते क्यूंची, म्हणजे ‘आता हे सोड’ अशा खुणांची, यादी. क्यूलॅब नेमकं त्यासाठी बनलंय. आवाज, व्हिडिओ, प्रकाशाच्या बोर्डाला जाणारे संदेश, सगळं एका यादीत, आणि स्पेसबार दाबला की पुढचा क्यू. ते फक्त मॅकवर चालतं हे खरं आहे. पण मर्यादित सोयींची आवृत्ती मोफत मिळते, आणि जास्तीच्या सोयींचा परवाना दिवसाच्या भाड्यानेही घेता येतो. मग मॅकसुद्धा तालमीपुरता आणि प्रयोगापुरता कुणाचा तरी मागून आणता येईल. नाटकवाल्यांना मागून आणायची सवय असतेच.

रेझोल्यूमचा पिंड वेगळा. ते डीजेच्या शेजारी बसून चित्रं वाजवणाऱ्यांसाठी घडलं. विंडोजवर उत्तम चालतं, आणि इव्हेंटच्या एलईडी भिंतींमागे बऱ्याचदा तेच असतं. त्यात एक मेख आहे. अव्हेन्यू आणि अरीना अशा दोन आवृत्त्या आहेत आणि मॅपिंगची खरी सोय अरीनात आहे. स्वस्त म्हणून अव्हेन्यू घेतलंस तर फसशील. अरीनाची चाचणी आवृत्ती चित्रावर शिक्का उमटवते, मधूनमधून त्यातून एक आवाज बोलतो, पण शिकायला पुरेशी आहे. त्यातले कॉलम एकेका क्यूसारखे लावले, तर एकांकिका सहज निभावते.

टचडिझायनरमध्ये प्रोग्रॅम रचावा तसं चित्र रचायचं असतं. नर्तकीचा हात हलला की भिंतीवरचं पाणी हललं पाहिजे, अशा कामाला ते हवं. बिगर-व्यावसायिक परवाना फुकट आहे, त्यात चित्र १२८० बाय १२८० पिक्सेलच्या पुढे जात नाही आणि त्यावर पैशाचं काम घ्यायचं नाही. ते सावकाश शीक. पण उद्याच्या प्रयोगाला दोन दारं आणि एक खिडकी उजळायची असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

आता सॉफ्टवेअर निवडताना फारसं कुणी विचारत नाही ती गोष्ट. आपलं नाटक फिरतं. आज बालगंधर्वला, उद्या सांगलीला. प्रत्येक नाट्यगृहात प्रोजेक्टरची जागा बदलते, नेपथ्य दोन बोटं इकडेतिकडे लागतं, आणि तुझ्या हाती वेळ येतो अर्धा तास, तोही प्रकाशवाल्याने शिडी सोडली तर. अशा वेळी चित्राचे कोपरे ओढून बसवणं एका जागी आणि क्यू दुसऱ्या जागी असले पाहिजेत, म्हणजे कोपरे एकदा बसवले की सगळे क्यू आपोआप बसतात. क्यूलॅब आणि अरीना दोन्हींत हे जमतं. व्हिडिओ एडिटिंगमध्येच चित्र तिरकं करून आणणारी मुलं इथेच मार खातात. सांगलीत त्यांना सगळे व्हिडिओ पुन्हा रेंडर करावे, म्हणजे नव्याने बनवून काढावे, लागतात.

दुसरी गोष्ट प्रकाशाची, आणि ती कुठलंच सॉफ्टवेअर शिकवत नाही. समज, ५,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून निघणारा एकूण प्रकाश) प्रोजेक्टर मिळाला आणि चित्र हवंय ६ मीटर रुंद, पावणेचार मीटर उंच. क्षेत्रफळ साडेबावीस चौरस मीटर, म्हणजे पडद्यावर साधारण २२० लक्स (दर चौरस मीटरला पडणारे ल्युमेन). नटाच्या चेहऱ्यावरचा प्रकाश सहज याच्या दुप्पट-तिप्पट असतो. त्यातला थोडा जरी पडद्यावर सांडला, की तुझा किल्ला धुक्यात गेला. लेन्सचा थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर तेवढ्या रुंदीसाठी प्रोजेक्टर पडद्यापासून ९ मीटरवर हवा. तिथे नेमकी प्रेक्षकांची रांग येते का, हे तालमीआधी टेपने मोजायचं. म्हणून प्रकाशयोजनाकाराशी दोस्ती कर, त्याच्या हाताखाली चार प्रयोग काढ. १९५८ साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात योसेफ स्वोबोदा आणि आल्फ्रेड रादोक यांनी ‘लातेर्ना मागिका’मध्ये चित्रफीत आणि जिवंत नट एकत्र खेळवले, तेव्हा यातलं एकही सॉफ्टवेअर नव्हतं.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. निव्वळ मराठी नाटकावर या कामात घर चालेल असं मला वाटत नाही. इव्हेंट, संग्रहालयं, ध्वनिप्रकाश कार्यक्रम, गणपतीचे देखावे हे धरून चालेल. फिरोज अब्बास खान यांच्या ‘मुघल-ए-आझम’सारखी, २०१६ साली मुंबईच्या एनसीपीए नाट्यगृहात सुरू झालेली भव्य संगीतिका क्वचित होते. मोठ्या कामांवर वॉचआउट किंवा डिसगाइजसारख्या महागड्या यंत्रणा भेटतील. त्या कुणी घरी विकत घेत नाही, सहायक म्हणून लागल्यावर कामावरच शिकतात.

तेव्हा पैसे घालायचेच तर लॅपटॉपच्या एसएसडीत, म्हणजे वेगवान साठवणुकीत, घाल. मॅपिंगचे व्हिडिओ हॅप किंवा डीएक्सव्ही कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धती) ठेवले की प्रोसेसरवरचा ताण हलका होतो, पण फायली अवाढव्य होतात. अरीनाची चाचणी आवृत्ती उतरवून घे, कॉलेजचा प्रोजेक्टर रविवारी माग, तीन खोकी पांढरी रंगवून एकावर एक रच आणि दहा क्यूंचा पाच मिनिटांचा प्रसंग बसव. मग कुणाला तरी खोकी सरकवायला सांग आणि घड्याळ लावून सगळं पुन्हा जुळव. ब्लॅकआउटमध्ये भिंतीवर एक राखाडी चौकोन उरलेला दिसेल, कारण प्रोजेक्टरचा काळा काळा नसतो. त्यावर एक जुना उपाय आहे : लेन्ससमोर पुठ्ठ्याची झडप, आणि तिची दोरी ऑपरेटरच्या हातात.