आधी फोटो, मग फिनाईल: तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी

नाल्यापासून तीन घरे सोडून तळमजला, घराचे जोते नव्या सिमेंट रस्त्यापेक्षा वीतभर खाली, घरात ७६ वर्षांच्या सासूबाई आणि हातात पावसाळ्यापूर्वीचे जेमतेम तीन आठवडे, हे पूर आणि वादळासाठी घराची तयारी कशी करावी या तुमच्या प्रश्नातले वर्णन वाचले तेव्हा मला क्षणभर आमच्याच घराविषयी कोणी लिहिले आहे असे वाटले. नागपुरात नाग नदीच्या काठच्या एका ले-आऊटमध्ये आम्ही २६ वर्षे राहत आहोत. टॉर्च, मेणबत्त्या, औषधे, पिण्याचे पाणी आणि कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी यांविषयी इतरांनी तुम्हाला सांगितलेच आहे, त्यामुळे ते मी पुन्हा लिहीत नाही. ज्या गोष्टीने आमचे सर्वांत जास्त नुकसान झाले ती पुरापूर्वीची नव्हती; ती पूर ओसरल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांतली होती आणि ती मी स्वतः, अगदी पदर खोचून, केली होती.

२२ सप्टेंबर २०२३ हा शुक्रवार आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. चाळीसएक माणसे जेवून गेली, नऊजण मुक्कामाला राहिले, आणि दमून आम्ही सगळे मेल्यासारखे झोपलो. त्या रात्री शहरात अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला आणि नाग नदी दोन्ही काठांच्या वस्त्यांमध्ये शिरली. मला पहाटे जाग आली ती न्हाणीघरातून येणाऱ्या गुडगुड आवाजाने. पाणी दारातून येईल या समजुतीने आम्ही दरवर्षी उंबऱ्याशी वाळूची पोती रचत होतो. प्रत्यक्षात ते आधी न्हाणीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून काळे होऊन वर आले, आणि दारातून आले ते त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी. आंबिलीचा रिकामा पितळी गंज स्वयंपाकघरातून तरंगत हॉलमध्ये आला आणि मुखवटे बसवलेल्या महालक्ष्म्यांच्या कोठ्यांना टेकून थांबला, हे दृश्य मी विसरू शकत नाही. मुखवटे काढून पुतण्याने माळ्यावर ठेवले आणि आम्ही सर्वजण गच्चीवर गेलो.

म्हणून पहिली सूचना हीच की न्हाणी, मोरी आणि संडास यांच्या तोंडांची व्यवस्था दारापेक्षा आधी करावी. सांडपाण्याच्या नळीवर पाणी उलट येऊ न देणारी झडप एखाद्या चांगल्या प्लंबरकडून बसवून घेता येते. ती बसवेपर्यंत जाड कापडाचा बोळा, त्यावर प्लास्टिक आणि त्यावर वाळूने भरलेली पिशवी एवढे तरी हाताशी असावे. अंगणात जमिनीखालची पाण्याची टाकी असेल तर तिचे झाकण घट्ट बसते की नाही हेही आताच पाहावे. आमच्या टाकीत गटाराचे पाणी गेले आणि ती दोनदा उपसून, घासून, ब्लीचिंग पावडरने धुऊन घेईपर्यंत आठवडाभर पाणी शेजारच्या वरच्या मजल्यावरून बादलीने आणावे लागले.

आता त्या चुकीविषयी. शनिवारी दुपारपर्यंत पाणी उतरले आणि घरात घोट्याएवढा चिखल राहिला. त्याचा वास कसा असतो हे ज्याने घेतला आहे त्यालाच कळेल. घरात सणाची पाहुणे मंडळी, सासूबाईंना दम्याचा त्रास, आणि विसर्जन बाकी. मी कोणाचेही ऐकले नाही. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर आम्ही सगळ्यांनी मिळून चिखल उपसला, फरशी तीनदा फिनाईलने धुतली, आणि भिंतींवर साधारण तीन फूट उंचीवर उमटलेली पाण्याची तपकिरी रेघ मी स्वतः साबणाच्या पाण्याने पुसली. सोमवारी सकाळी गाद्या, फुगलेला प्लायवुडचा दिवाण, फ्रीज, कपडे धुण्याचे यंत्र आणि इन्व्हर्टरची बॅटरी असे सगळे कबाडीवाल्याच्या हातगाडीवर चढले. त्याने सर्वांचे मिळून अकराशे रुपये दिले. घर स्वच्छ झाले याचे मला इतके समाधान वाटत होते की मी त्या दिवशी दारात रांगोळीही काढली.

पंचनाम्यासाठी माणसे आली मंगळवारी दुपारी. त्यांच्यातल्या तरुण कर्मचाऱ्याने दारातूनच आत पाहिले आणि म्हणाला, "काकू, तुमच्याकडे तर काहीच झालेले दिसत नाही." मी सांगत राहिले, तो लिहीत राहिला, आणि शेवटी सही घेतली त्या कागदावर शेरा होता: "घर कोरडे, नुकसान झालेले साहित्य आढळून आले नाही." चष्मा न लावता मी सही केली, ही चुकीतली दुसरी चूक. आमच्या उजवीकडचे कुटुंब त्या दिवसांत पुण्याला होते. त्यांचे घर चार दिवस जसेच्या तसे चिखलात पडून राहिले, आणि त्यांचा पंचनामा वस्तूवार, व्यवस्थित झाला. मला त्यांचा हेवा वाटत नाही, परंतु ज्याने घर साफ केले त्याला शिक्षा आणि ज्याच्या घराला कुलूप होते त्याला न्याय, असा तो हिशेब अजूनही गळ्याखाली उतरत नाही.

हा शेरा बदलून घेण्यासाठी मी एका कार्यालयात सात खेपा घातल्या. त्याचे नाव लिहीत नाही, कारण माझा झगडा एका टेबलाशी होता आणि तिथेच एका शिपायाने मला दोनदा खुर्ची आणून दिली होती. पहिल्या खेपेला अर्ज साध्या कागदावर चालत नाही असे कळले, दुसऱ्या खेपेला तो साध्या कागदावरच हवा असे कळले; तिसऱ्या खेपेला काम दुसऱ्या कार्यालयाचे असल्याचे सांगण्यात आले आणि त्या दुसऱ्या कार्यालयाने मला सन्मानाने पहिल्याकडे परत पाठवले. एकदा झालेल्या पंचनाम्याची पुन्हा पाहणी होत नाही हे उत्तर पहिल्याच दिवशी मिळाले असते तरी मी मुकाट्याने घरी बसले असते. एक उपयोगी गोष्ट मात्र तेवढ्यात शिकले: प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत सोबत न्यावी आणि तिच्यावर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

विमा कंपनीकडेही हेच घडले. तपासणीला आलेल्या गृहस्थांचे म्हणणे सरळ होते, की वस्तूच समोर नाहीत तर मी काय तपासू. फ्रीजची पावती कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात होती, म्हणजे ती फ्रीजबरोबरच बुडाली. अखेर आम्हाला जे थोडे मिळाले ते महालक्ष्म्यांमागे लावलेल्या पडद्यामुळे मिळाले. तो पडदा धुवायला काढला गेला नव्हता, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो सरकवला तेव्हा मागच्या भिंतीवर ती रेघ, जवळजवळ दोन हात लांब, तशीच होती. मुलाने तिच्याशेजारी शिवणाची टेप धरून, बाजूला त्या दिवसाचे वर्तमानपत्र ठेवून फोटो काढले. एवढा एकच पुरावा ग्राह्य धरला गेला. मागणी केली होती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी रक्कम हाती आली.

त्यामुळे माझा सल्ला थोडा हट्टी वाटला तरी चालेल: या आठवड्यातच घरातून मोबाइल घेऊन फिरा, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ करा, कपाटे उघडून दाखवा, फ्रीज आणि टीव्हीच्या मागच्या पट्टीवरचे क्रमांक टिपा, पावत्यांचे फोटो काढा आणि हे सगळे दुसऱ्या गावातल्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पाणी शिरलेच, तर ओसरल्यावर झाडू हातात घेण्यापूर्वी तसाच व्हिडिओ पुन्हा करा, रेघेशेजारी टेप धरा, आणि विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीला कळवून तक्रारीचा क्रमांक घ्या. आरोग्यासाठी चिखल काढणे भागच आहे, ते थांबवा असे मी म्हणत नाही. परंतु एक भिंत न पुसता सोडा आणि बिघडलेल्या वस्तू अंगणात ताडपत्रीखाली ठेवा, कबाड्याला लेखी पंचनामा हातात आल्यावरच बोलवा. आणि सही करण्यापूर्वी चष्मा लावा.

विम्याविषयी मी जाणकार नाही, तुमच्या कागदावर काय छापले आहे तेच खरे. तरी सांगते की १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' नावाची ठरावीक नमुन्याची पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते, तिच्यात पूर आणि वादळ येतात, आणि इमारतीचा विमा उतरवला की घरातल्या सामानासाठी विमा रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपये, एवढे संरक्षण आपोआप मिळते. पुष्कळ लोकांना, आम्हालाही, हे नुकसान झाल्यावर कळले. गाडीचे सांगायचे तर फक्त तृतीय पक्षाचा विमा असेल तर पुराचे काही मिळत नाही, आणि पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहण्याचा मोह टाळावा; त्याने इंजिनात पाणी ओढले जाते आणि ते नुकसान इंजिनासाठी वेगळे संरक्षण घेतले नसेल तर बहुधा नाकारले जाते. माझ्या दिरांनी पाचच सेकंद चावी फिरवली होती.

सिमेंट रस्त्याच्या उंचीबद्दल तुम्ही लिहिले आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, फक्त राग आहे. जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर चढवला की पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिलेली घरे खड्ड्यात जातात, हे कोणाला कळत नसेल असे मला वाटत नाही. तुम्ही उंबऱ्याची उंची वाढवणार असाल तर सासूबाईंच्या पायाखाली ती अडथळा होणार नाही याची काळजी घ्या. आमच्याकडे त्यापेक्षा फाटकाच्या चौकटीत सरकवता येणारी लोखंडी फळी अधिक सोयीची ठरली. मीटरच्या पेटीची आणि इन्व्हर्टरची उंची मात्र छातीएवढी करूनच घ्या, आणि मुख्य स्विच कोणता हे घरातल्या प्रत्येकाला अंधारात हाताने सापडले पाहिजे.

वादळाबद्दल थोडेच. एप्रिल-मेमधली वावटळ आणि गारपीट हा वेगळा प्रकार आहे. तिथे गच्चीवरचे पत्रे, टाकीचे झाकण आणि खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर ठेवलेला कूलर हे खरे शत्रू. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' हे ॲप मोबाइलवर ठेवा, ते आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांची सूचना देते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि आपत्कालीन ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये असतातच, पण मोबाइल बंद पडतो, म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

सासूबाईंसाठी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी आताच बोलून ठेवा, संकोच करू नका. त्यांच्याकडे एक पिशवी आधीच ठेवता आली तर उत्तम: आठ दिवसांची औषधे, चष्म्याची जुनी जोडी, दोन लुगडी आणि दात काढून ठेवत असतील तर डबी. माझ्या सासूबाईंना गच्चीवर नेताना सर्वांत जास्त वेळ जिन्यात गेला नाही, त्या अंधारात त्यांची कवळी शोधण्यात गेला. ती पुढे दोन दिवसांनी चिखलात, देव्हाऱ्याखाली सापडली.